‘मया’ हा एक शब्द: एका देशमुखीच्या सालाचं प्रकरण

पार्श्वभूमी

कृष्णेच्या खोऱ्यातलं हे घराणं. आडनाव देशमुख. गाव, परगणा, मूळ उपनाव आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. मी मोडी लिपीतले जुने कागद वाचून देते. अलीकडे कुणबी नोंदींच्या शोधामुळे मोडी वाचणाऱ्यांना एकदम भाव आला आहे, पण हे काम त्यातलं नव्हतं.

घराण्याच्या तीन तक्षिमा. तक्षीम म्हणजे वतनातला, वारसाने चालणाऱ्या हक्कातला वाटा. वतन गेलं तरी घरं अजून याच शब्दाने मोजली जातात. थोरल्या तक्षिमेकडे अर्धा पडलेला वाडा आणि दप्तर, मधली तक्षीम दोन पिढ्यांपूर्वी पुण्यात गेलेली, धाकटी गावातच शेती करून आहे. तिघांनी मिळून दोन कामं काढली होती: ग्रामदैवताच्या देवळाच्या जीर्णोद्धाराला देणगी देऊन तिथे कोनशिला बसवायची, आणि त्याच दिवशी कुलवृत्तांत प्रसिद्ध करायचा.

कोनशिलेचा मजकूर तयार होता. घरात चालत आलेली कथा अशी: आग्र्याहून सुटून आल्यावर शिवाजी महाराजांनी या घराण्याच्या मूळ पुरुषाला परगण्याची (अनेक गावांच्या महसुली विभागाची) देशमुखी दिली, सन १६६७. पुढे कथेला पालवी फुटून तो पूर्वज आग्र्याला बरोबरच होता असंही काही जण सांगत. मला बोलावलं ते सालाची खात्री करायला. थोरले काका म्हणाले, “ताई, तुम्ही साल तेवढं बघा. बाकी आम्हाला माहिती आहे.”

देशमुखीला आज सगळे ‘पदवी’ म्हणतात, आणि निम्मा घोटाळा तिथेच होतो. देशमुखी हे काम होतं. गावाला पाटील-कुलकर्णी, तसे परगण्याला देशमुख-देशपांडे. वसुलावर देखरेख, पडीक जमीन लागवडीला आणणं, बंदोबस्त, वेळ पडली तर माणसं घेऊन लढाईला जाणं. बदल्यात हक्कलाजिमा (वसुलातला ठरलेला वाटा), इनाम जमीन आणि मानपान. हे वतन वारसाने चालायचं, भावाभावांत वाटलं जायचं, आणि विकताही यायचं. ही शेवटची गोष्ट आजच्या वारसांच्या गळी उतरत नाही. पण निम्मी पाटीलकी, निम्मी देशमुखी विकल्याचे कागद जुन्या दप्तरांत भरपूर सापडतात.

शिवाजी महाराजांबद्दलच्या कथेत आणखी एक अडचण असते. महाराजांचं धोरण वतनदारांना वाढवण्याचं नव्हतं, आवरण्याचं होतं. सभासदाची बखर सांगते की त्यांनी वतनदारांचे हुडे-कोट (बुरूज आणि तटबंद्या) पाडले आणि हक्क रोख-धान्यात बांधून दिले. नवी वतनं सढळ हाताने वाटली गेली ती मुख्यतः राजाराम महाराजांच्या काळात, औरंगजेब दक्षिणेत असताना, जेव्हा माणसं आपल्या बाजूला राखायला देण्यासारखं दुसरं फारसं उरलं नव्हतं. म्हणजे १६६७ अशक्य नाही. पण हे साल ऐकल्यावर मोडी वाचणाऱ्याचे कान टवकारले पाहिजेत.

अडचण कुठे आली

दप्तरात एक रुमाल (कापडात बांधलेलं कागदांचं गाठोडं), त्यात त्रेचाळीस कागद. बहुतेक एकोणिसाव्या शतकातले: जुडीच्या (इनाम जमिनीवरच्या हलक्या साऱ्याच्या) पावत्या, वाटणीच्या याद्या. घराण्याचा मानबिंदू असलेला कागद मात्र वेगळ्या डब्यात होता, आणि पंधरा वर्षांपूर्वी कुणीतरी प्रेमापोटी तो लॅमिनेट करून घेतला होता. (कृपा करून कुणी असं करू नका. कागद आत भाजत राहतो आणि पुन्हा बाहेर काढता येत नाही.) लॅमिनेशनच्या आधीची चिकटपट्टी घडीवर होती, ती तपकिरी पडलेली.

सोबत १९३०च्या दशकातलं, घरातल्याच एका शिक्षकाने केलेलं बाळबोध (देवनागरी) लिप्यंतर होतं. स्वच्छ, काळजीपूर्वक. त्यात तारखेची ओळ अशी: “सु॥ समान सितैन … व अलफ”. समान म्हणजे आठ, सितैन म्हणजे साठ, अलफ म्हणजे हजार. एकूण शुहूर सन १०६८; जुन्या मराठी कागदांत हा सन असा अरबी अंकशब्दांत लिहीत. मृगात सुरू होणाऱ्या या सनात ५९९ मिळवले की जून ते डिसेंबरचं इसवी साल मिळतं, पुढच्या महिन्यांना ६००. म्हणजे १६६७-६८. हिशेब बरोबर.

मला खटकला तो शिक्का. निम्मा पुसलेला, पण “राजाराम नरपति” एवढी अक्षरं दिसत होती. शिक्षकांनीही ती वाचली होती आणि शेजारी पेन्सिलीने “राजाराम महाराज?” असं लिहिलं होतं. ते प्रश्नचिन्ह पुढच्या पिढीने गाळलं. १६६७ साली राजाराम महाराजांचा जन्मही झाला नव्हता, तो १६७०चा.

“श्री राजाराम नरपति हर्षनिधान” ही सुरुवात पेशव्यांच्या शिक्क्याची आहे, साताऱ्याच्या रामराजांच्या (शाहू महाराजांनंतरच्या, दुसऱ्या राजारामांच्या) गादीच्या नावाने. पुढे “माधवराव बल्लाळ मुख्य प्रधान” असायला हवं. तिरप्या प्रकाशात कागद धरल्यावर “वराव ब” इतकं उमटलं. मग तारखेच्या ओळीत घडीवर, चिकटपट्टीखाली, एक शब्द मावेल एवढी जागा. त्यात एका अक्षराचा वरचा फाटा.

मया. म्हणजे शंभर.

समान सितैन मया व अलफ. शुहूर सन ११६८, म्हणजे १७६७-६८. थोरल्या माधवराव पेशव्यांचा काळ. एक शब्द घडीत गेला आणि घराणं बरोबर शंभर वर्षं मागे सरकलं. नेमकं आग्र्याच्या सुटकेच्या पुढच्या वर्षी जाऊन पोचलं. कथा कागदातून आली की कागद कथेच्या साच्यात वाचला गेला, हे तेव्हा मला ठरवता येईना.

कागद खरोखर काय सांगतो

मला साल विचारलं होतं, मजकूर नाही. पण साल बदललं की मजकूर वाचावाच लागतो. ती सनद (वतन दिल्याचा हुकूम) नव्हती, निवाडपत्र (वादाचा निकाल) होतं.

परगण्याची देशमुखी मुळात गावातल्याच दुसऱ्या एका घराण्याची. त्यांच्याकडे सरकारी वसुलाची बाकी थकली. आपल्या घराण्याचा पूर्वज त्यांना जामीन राहिला, बाकी त्यानेच भरली, आणि फेड होईना म्हणून त्यांनी निमे देशमुखी त्याला खरेदीखताने दिली. दोन पिढ्यांनी मूळ घराण्यातल्या नातवाने तक्रार केली की आजोबांवर जबरदस्ती झाली. दोघांनी आपापले करीने (लेखी जबाब) दिले, गोत (निवाड्याची सभा) बसलं, साक्षी झाल्या, आणि निवाडा असा: खरेदी खरी, वतन निमे-निमे, मात्र वडीलकी (थोरलेपणाचा मान) मूळ घराण्याची. आधी पान, आधी टिळा, शिक्क्याच्या उजव्या बाजूला नाव त्यांचं. दुसरा मान आपल्या देशमुखांचा.

ते मूळ घराणं आजही गावात आहे. आडनाव वेगळं. एकोणिसाव्या शतकात कधीतरी त्यांनी देशमुख लावणं सोडलं असावं. जमीन बेताची. त्यांना कुणी देशमुख म्हणत नाही.

पहिला निर्णय, आणि तो चुकला

वाचन संपलं त्या संध्याकाळी मधल्या तक्षिमेतल्या पुतण्याचा फोन आला, “काय निघालं?” आणि मी सांगितलं. पूर्ण नाही, पण “साल शंभर वर्षं पुढचं आहे आणि देशमुखी निम्मी विकत घेतलेली दिसते” एवढं. रात्री ते कुटुंबाच्या ग्रुपवर होतं. सकाळी काकांचा फोन: “आमच्या घरातली गोष्ट आम्हाला ग्रुपवर वाचायला मिळते होय?” त्यांचा राग सालावर नव्हता, रीतीवर होता, आणि तो रास्त होता. दप्तर त्यांच्या घरचं. पहिला शब्द त्यांना जायला हवा होता.

त्याहून मोठी चूक म्हणजे दुसरं वाचन होण्याआधी मी बोलले. मीही चुकू शकत होते. १९३०चे शिक्षक माझ्याइतकेच सावध होते.

पडताळणी

मग दोन गोष्टी केल्या. एक, कागदाचे मोठ्या आकारात, वेगवेगळ्या बाजूंनी प्रकाश टाकून फोटो काढले आणि दुसऱ्या एका जाणकाराला माझं वाचन न सांगता पाठवले. त्यांनी स्वतंत्रपणे मया वाचलं आणि शिक्का माधवरावांचा म्हणून ओळखला.

दोन, पुणे पुराभिलेखागारात शोध. इंग्रजी अमलात इनामांची चौकशी करायला १८५२च्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार मिळाले आणि मुंबई इलाख्यातल्या इनामदारांना आपला हक्क कुठून आला हे मांडावं लागलं. या घराण्याला इनाम जमीन होती, म्हणजे त्यांनीही काहीतरी लिहून दिलं असणार. सव्वा महिन्याने आणि तीन खेपांनंतर कैफियत (त्यांनी दिलेलं लेखी निवेदन) सापडली.

या प्रकरणातला सगळ्यांत बोलका कागद हाच. कमिशनपुढे जो येई तो आपला जुन्यात जुना आणि भक्कमात भक्कम पुरावा पुढे ठेवी. पुरावा लंगडा पडला की इनाम खालसा होण्याची भीती. शिवछत्रपतींचा कागद घरात असता तर तो पहिल्या ओळीत आला असता. त्याऐवजी त्या वेळच्या कर्त्या पुरुषाने सरळ लिहून दिलं होतं: निमे देशमुखी खरेदी, निवाडा माधवराव पेशव्यांच्या कारकिर्दीत, वडीलकी अमुक घराण्याची. कुठलाही आडपडदा नाही. १८५०च्या दशकात या घराला आपला इतिहास नीट माहीत होता. आग्र्याची कथा त्यानंतरची, बहुधा त्या लिप्यंतरानंतरचीच.

तिसरा पुरावा आम्ही शोधायला गेलोच नव्हतो. धाकट्या तक्षिमेतल्या काकींनी मूळ घराण्यातल्या आजींना सहज विचारलं. आजी म्हणाल्या, “आमच्या सासूबाई सांगायच्या, बेंदराला आपला बैल आधी आन् देशमुखांचा मागनं.” गावात ही गोष्ट म्हणजे जुनी खोड मानली जायची. निवाडपत्रातली वडीलकी एवढीच शिल्लक होती, बैलांच्या रांगेत.

पर्याय

बैठक वाड्यात झाली. तीन तास चालली, त्यातला एक चहा-पोह्यांत गेला.

काकांचं म्हणणं, मजकूर आहे तसाच ठेवावा. त्यांचा मुद्दा अडाणी नव्हता: “कागद एक सांगतो, पण आमच्या वडिलांनी, आजोबांनी जे सांगितलं ते खोटं ठरवायचा अधिकार आम्हाला कुणी दिला?” कैफियत वाचून दाखवल्यावर ते गप्प झाले, कारण ती लिहिणारा त्यांचाच खापरपणजोबा होता.

पुण्याच्या पुतण्याने मधला मार्ग सुचवला: “शिवकालापासून” असं मोघम लिहू. मोघम शब्द सगळ्यांना सोयीचे असतात, म्हणून यावर जवळजवळ एकमत होत होतं. आत्या, निवृत्त शिक्षिका, एवढंच बोलल्या की मोघम लिहायचं तर दगडावर कशाला, पाटीवर खडूने लिहा. तो पर्याय तिथेच पडला.

तिसरा पर्याय पूर्ण खरं कोरण्याचा: निमे देशमुखी, खरेदीने, निवाडा शके १६८९ (म्हणजे तेच १७६७-६८). धाकटी तक्षीम याच्या बाजूने होती. अडचण ‘निमे’ या शब्दाची. “दगडावर निम्मे कोण लिहितं?” असं कुणीतरी म्हणालं आणि हशा झाला, पण प्रश्न खरा होता. कोनशिलेला तळटीप देता येत नाही.

चौथा, कोनशिलेवर देशमुखीचा उल्लेखच नको.

मध्येच एक भीती पुढे आली, जी खरं तर आधीच येऊन गेली असती तर बरं झालं असतं: हे छापलं तर मूळ घराणं जमिनीवर दावा लावील का? दोन घरं त्या धास्तीने कागद परत डब्यात घालायला निघाली होती. वकिलांना कागद दाखवले. परगणा आणि कुलकर्णी वतनं मुंबई सरकारच्या १९५०च्या कायद्याने नाहीशी झाली, पुढच्या वर्षी तो अमलात आला, वतनी जमिनी सरकारजमा होऊन कब्जाची रक्कम भरणाऱ्यांना पुन्हा दिल्या गेल्या. या घराच्या जमिनींचं सगळं तेव्हाच मिटलेलं, फेरफार झालेले. अडीचशे वर्षांपूर्वीच्या वडीलकीवर आज हक्क उभा राहत नाही, असं वकिलांनी स्पष्ट सांगितलं. यानंतर बैठकीचा सूरच बदलला. किती जण इतिहासासाठी भांडत होते आणि किती जण सातबाऱ्यासाठी, हे मी मोजलं नाही.

काय ठरलं, काय केलं

कोनशिला चौथ्या पर्यायाने गेली: जीर्णोद्धाराचं साल, देणगीदारांची नावं, बस्स.

कुलवृत्तांतात मात्र सगळं आलं. निवाडपत्राचा फोटो, पूर्ण लिप्यंतर, कैफियतीचा मजकूर, आणि १९३०चं लिप्यंतरही शेजारी जसंच्या तसं, प्रश्नचिन्हासकट. शेवटचा आग्रह माझा होता. त्या शिक्षकांनी न दिसणारा शब्द स्वतःच्या मनाने भरला नाही, तिथे टिंबं दिली. चूक टिंबं पुसणाऱ्यांची. खरेदीची रक्कम छापली नाही, मूळ घराण्याने तशी विनंती केली होती.

त्यांच्याकडे छापण्याआधी जावं हे आत्यांनी ठरवलं. मी बरोबर गेले. मला वाटलं होतं, अवघड जाईल. घरातल्या मोठ्या मुलाने कागद शांतपणे ऐकला आणि विचारलं, “म्हणजे आम्ही कर्जबाजारी होतो हे पुस्तकात येणार?” या बाजूने मी विचारच केला नव्हता. देशमुखांचा मान कमी होण्याची काळजी सगळ्यांना होती; इथे एका घराची जुनी नड छापली जाणार होती. बाकी थकणं त्या काळी किती घरांवर येई, दुष्काळ आणि फौजांची ये-जा यांत वतनदार कसे भरडले जात, यावर एक परिच्छेद त्यांच्याशी बोलून लिहिला. मग त्यांनी होकार दिला.

निष्पत्ती

थोरल्या काकांनी प्रस्तावना लिहायला नकार दिला, पण फोटोसाठी दप्तर स्वतः उघडून दिलं. दोन घरांनी वर्गणी परत मागितली, ती दिली. छापलेल्या प्रतींपैकी बऱ्याच मधल्या तक्षिमेकडे पडून आहेत.

प्रकाशनाला मूळ घराण्यातले तिघे आले. धाकट्या तक्षिमेने जाहीर केलं की यंदा बेंदराला त्यांचा बैल पुढे. मोठा मुलगा म्हणाला, “बैल कुठनं आणू? ट्रॅक्टर हाय.” तो विषय तिथे संपला. आजींना मात्र ते आवडलं नाही, असं काकी म्हणतात.

आग्र्याची कथा संपलेली नाही. गेल्या यात्रेत एका पाहुण्याला ती सांगितली जाताना मी स्वतः ऐकली, थोडी वाढलेली.

वेगळं काय करता आलं असतं

कामाच्या आधी दोन ओळींचं लेखी ठरायला हवं होतं: वाचन कुणाला द्यायचं, आणि विचारलेल्या प्रश्नापलीकडे काही निघालं तर काय करायचं. आता मी प्रत्येक घराशी आधी हे बोलते. “साल तेवढं बघा” म्हणणाऱ्यांना विचारते, साल चुकीचं निघालं तर ऐकायचंय का. काही जण नाही म्हणतात, तेव्हा मी काम घेत नाही.

पुराभिलेखागारातला शोध शेवटी केला, तो पहिला करायला हवा होता. घरच्या कागदावर घराची सावली असते. सरकारपुढे, हक्क जाण्याच्या भीतीने दिलेली कैफियत वेगळ्या दबावाखाली लिहिलेली असते. दोन्ही हाताशी असते तर तो फोन टळला असता. वकिलालाही पहिल्याच आठवड्यात विचारता आलं असतं.

मूळ घराण्याकडे आम्ही होकार मागायला गेलो, माहिती विचारायला नाही. तिथे अजून एक गोष्ट राहून गेली आहे. निवाडपत्रात ज्या खरेदीखताचा उल्लेख आहे ते देशमुखांच्या रुमालात नाही. आजी म्हणतात, त्यांच्या माळ्यावर सासऱ्यांची एक पितळी कड्यांची पेटी आहे, कागद असतील तर त्यात. किल्ली सुनेकडे आहे असं आजी सांगतात. सून म्हणते, सासूबाईंकडेच आहे.